फळ्यावरचं बोलणं

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहून काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलत होते आणि डिजिटल फळा कोरा होता.

भूगोलाच्या बाईंनी रिमोट दोनदा दाबला. इंटरनेट गेलं होतं. वर्गातलं बोलणं अक्षरांत उतरवणारी सोय बंद पडली होती.

बाईंचे कान जाऊन दोन वर्षं होत आली होती. एकदम गेले नाहीत. आधी पक्षी गेले, मग फोनची घंटा, मग मागचे बाक. घरी बहिणीला ठाऊक होतं, शाळेत त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. कानात यंत्र घालून पाहिलं, पण वर्गाच्या गलक्यात त्यातून नुसता खडखडाट यायचा. हीच मुलं सहावीत असताना बाईंनी अख्खं वर्ष मान डोलावून आणि अंदाजपंचे काढलं. एकदा एक मुलगी म्हणाली, "बाई, मला मळमळतंय." बाई म्हणाल्या, "शाब्बास, बस खाली." पुढे व्हायचं ते झालं. त्या संध्याकाळी बाई बहिणीजवळ खूप रडल्या.

वर्ग सातवीत आला, आणि मोठ्या बाईंनी छताला माइक टांगून ही सोय सुरू करून दिली. "नवीन आलंय, वापरून बघा," एवढंच म्हणाल्या. कुणी बोललं की शब्द फळ्यावर हजर. कधी 'गाळाची मृदा' म्हटलं की 'गालाची मुद्रा' उमटायचं आणि मुलं पोट धरून हसायची. बाईसुद्धा. कितीतरी दिवसांनी त्या मुलांच्या हसण्यात वेळेवर सामील होत होत्या.

आता फळा गप्प होता. 'पुढच्या तासाला बघू' हे वाक्य जिभेवर तयारच होतं. त्या वाक्याने शंभरदा वेळ मारून नेली होती. पण मुलगी अजून उभी होती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"मला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "आजचं नाही हे, केव्हापासूनचं आहे. मी तुम्हाला फसवलं."

यावर वर्ग चिडीचूप झाला की गलका उठला, त्यांना कळलं नाही. मुलगी बाकातून बाहेर आली. खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "नदीने वाट बदलली, तर जुन्या वाटेवरच्या पुलाचं काय होतं?"

बाईंनी ओठ वाचले. मग खडू घेऊन त्या बाजूच्या जुन्या फळ्यावर नदी काढत राहिल्या. मुलं दप्तरं आवरू लागली, तेव्हा तास संपल्याचं त्यांना समजलं.

त्या तडक मोठ्या बाईंकडे गेल्या. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. "हा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्या," त्या म्हणाल्या. "पोरांचं आणखी नुकसान नको माझ्या हातून."

मोठ्या बाईंनी समजूत घातली नाही. कपाटातून एक फाईल काढली आणि तिच्यातला कागद पुढे सरकवला. वहीचं फाडलेलं पान होतं. तारीख यंदा शाळा सुरू झाली त्याच आठवड्यातली.

"माननीय मोठ्या बाई, आम्हा सातवी ब मधील सर्व विद्यार्थ्यांना वर्गात नीट ऐकू येत नाही. तरी बोललेलं फळ्यावर लिहून येईल अशी सोय करावी, ही नम्र विनंती."

खाली अडतीस सह्या. पानावर जागा उरली नव्हती, म्हणून समासात आडवं लिहिलं होतं:

"ता. क. बाईंना यातलं काही सांगू नये. त्या आम्हाला सोडून जातील."