गाडीचा सेन्सर

"शिस्टर, जरा बर्फ घेतो. गाडीचा सेन्सर बघायचाय," आप्पासाहेबांचा ड्रायव्हर भुजंग म्हणाला आणि सिंधु काही बोलायच्या आत त्यानं लसीच्या डब्यातले चारही आइसपॅक काढून नेले.

शाळेच्या ओसरीवर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. पाण्याच्या टँकरच्या रांगेतला नंबर सोडून आलेल्या. सिंधु मागोमाग धावली. बर्फ गेला तर लस वाया जाईल, म्हणाली. नव्या जिल्ह्याच्या मागणीच्या सभेला निघालेले आप्पासाहेब गाडीतूनच हसले. "होऊ द्या की जिल्हा, अख्खा फ्रीज देतो तुमाला." जिल्हा अजून बाजारातल्या तुरीत होता, फ्रीज मात्र वाटून मोकळा.

गाडीतला एसी गार करीना, म्हणून ही तालीम. लातूरचा मेकॅनिक फोनवर सांगत होता, भुजंग करत होता. स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीमागं तो सेन्सर. जाळीला बर्फ लावला की पंखा मंदावे, काढला की घोंघावे. तरी आप्पासाहेबांचं समाधान होईना. पुन्हा लाव, पुन्हा काढ. त्यातला एक पॅक ते स्वतःच्या मानेवरून फिरवत होते. ऊन डोक्यावर आलं.

शेवटी मेकॅनिक वैतागला. "सेन्सर चांगला हाय. काच उघडी हाय का बघा."

आप्पासाहेबांच्या बाजूची काच अर्धी खाली होती. गुटखा थुंकायला ती तशीच लागे. दारावर लाल ओघळ वाळले होते, त्यावर ताजे.

"आस्सं व्हय," म्हणत आप्पासाहेबांनी एक पिंक टाकली आणि काच वर घेतली. भुजंगनं पॅक ओसरीच्या कडेला ठेवले. हलवले की आत नुसतं पाणी डचमळत होतं.

सिंधुनं डब्यात हात घातला. लस कोमट लागली. ती बाजूला काढून तिनं बायांना पुढच्या बुधवारी यायला सांगितलं. कुणी भांडलं नाही. त्याचीच तिला जास्त चीड आली.

नागुबाई तेवढी मागं थांबली. कडेवरच्या पोराचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"ताई, सुई ऱ्हाऊ द्या. त्या बर्फाचं पानी तरी पाजा लेकराला."

सिंधुनं एक पॅक उचलला. त्याला आप्पासाहेबांच्या मानेचा वास येत होता.