खोटा चढ

सटवा मिस्त्रीनं सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्याच फटक्यात पेटलं. शेडचे पत्रे थरथरले. माजलगावच्या रस्त्याकडेच्या त्या शेडमध्ये आजवर उसाच्या ट्रॅक्टरांचीच इंजिनं उतरली होती. हे मात्र जुन्या अमेरिकन मोटारीचं, आठ सिलिंडरचं धूड होतं, आणि सटवानं ते डायनोच्या लोखंडी चौकटीवर जखडून ठेवलं होतं.

डायनो म्हणजे इंजिनाला दिलेला खोटा चढ. इंजिन जागचं हलत नाही, पण पाण्याचा ब्रेक आवळत नेला की त्याला वाटतं आपण घाट चढतोय. अंगात किती जोर आहे ते मग काट्यावर दिसतं.

अर्जुनराव खुर्ची टाकून बसले होते. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्यांचा धाकटा भाऊ तानाजी. मानेखालचं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. कान आणि डोकं शाबूत आहे, असं डॉक्टर सांगत. त्याची बायको अंजना खुर्चीची मूठ धरून मागं उभी होती.

ही मोटार दोघा भावांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली. तरुणपणी तानाजीनं ती सगळ्या पंचक्रोशीत उडवली. सटवाला पहिल्यांदा मोटारीत बसवलं तेही त्यानंच. मेंढरांमागं फिरणारं पोर पुढं मिस्त्री झालं ते त्या एका चकरेपायी.

मग धारूरच्या घाटात, वळणावर, मोटार उलटली. तानाजी चालवत होता. शेजारी अर्जुनरावांची एकुलती एक लेक प्रियदर्शनी, बीडच्या कॉलेजातून सुट्टीला घरी निघालेली. ती जागीच गेली. तानाजी असा उरला. अर्जुनरावांनी पोलिसांना सांगितलं, ब्रेक निकामी झाले होते. भावाला घरात ठेवून घेतलं, त्याच्या सेवेला गडी लावला, अंजनाला कधी उणा शब्द बोलले नाहीत. लोक म्हणत, काळीज असावं तर असं.

गेल्या उन्हाळ्यात ते आपणहून सटवाच्या शेडवर आले होते.

"गोठ्यामागं पडलंय ते इंजिन उभं कर. बॉडीचं नंतर बघू. आवाज मातर तोच पायजे, जसा व्हता तसा. सायलेन्सर लावू नको."

सटवाला भरून आलं. अंथरुणाला खिळलेल्या भावाच्या जिवाला विरंगुळा म्हणून हा माणूस लेकीचं दुःख गिळतोय, असं त्याला वाटलं. त्यानं कामात जीव ओतला. गंजानं धरलेला ब्लॉक डिझेलात भिजवून भिजवून सोडवला. सिलिंडरला नवं बोअर मारलं. क्रँक पुण्याहून ग्राइंड करून आणली, पिस्टन आणि वॉल्व्ह थेट अमेरिकेतून मागवले. अर्जुनराव अधूनमधून येत, बाजूला उभे राहून बघत, आणि एकच सांगत, "घाई न्हाई. पर लई वर्सं चाललं पायजे."

"आपण मरून जाऊ मालक, हे ऱ्हाईल," सटवा हसून म्हणे.

आता त्यानं ब्रेक आवळला. आवाज जाड झाला, छातीत घुमायला लागला. पत्र्यावरचे पारवे उडून गेले. त्यानं आणखी ओझं टाकलं, थ्रॉटल उघडला. इंजिन दबलं नाही. उलट जास्तच गरजलं, आणि काटा सटवानं मनात धरलेल्या खुणेच्या पार पुढं गेला. त्यानं अभिमानानं मागं वळून तानाजीकडं पाहिलं.

तानाजीचे डोळे ताणले गेले होते. गालांवरून पाणी ओघळत होतं. ओठ हलत होते.

"सटवाभाऊ, ओळखलं बगा यांनी," अंजना ओरडून म्हणाली. तीही रडत होती. अपघातापासून नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिनं एवढं काही पाहिलंच नव्हतं.

सटवानं इंजिन बंद केलं. हात पुसून तो अर्जुनरावांच्या पाया पडला.

"मालक, लई पुण्य केलं तुमी. आता बॉडी तेवढी आणा, मी बसवून देतो. तानाजीमालकास्नी एक चक्कर मारून आणू."

"गाडीत बसवायचं न्हाई."

सटवा उठून उभा राहिला. त्याला काही कळेना.

"त्या दिवशी घाटात धारूरचा एक म्हातारा शेरडं चारीत व्हता," अर्जुनराव म्हणाले. चहा सांगावा तसा त्यांचा सूर होता. "त्यानं मला एकट्याला सांगितलं. पोरगी वरडत व्हती. काका, हळू. काका, हळू. तसा ह्यो हसत हसत अजून दाबीत गेला. मग तिचा आवाज ऐकूच येईना. ह्ये इंजिनच तेवढं ऐकू येत व्हतं."

अंजनाचा हात मुठीवरून सुटला. तानाजीनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

अर्जुनराव वाकले. भावाच्या खांद्यावरून घसरलेली शाल त्यांनी नीट केली, मानेपाशी खोचली.

"ह्याच्या खिडकीखाली ओटा बांधून घेतलाय, सटवा. इंजिन आन तुझं ह्ये ब्रेकचं यंत्र, दोनी तिथं बसवून दे."

सटवा एक पाऊल मागं सरकला. "मला न्हाई जमायचं, मालक. असलं पाप माझ्या हातून न्हाई व्हायचं."

"तुझं काम झालं. तू न्हाई तर दुसरा कुणी बसवून दील," अर्जुनराव म्हणाले. "सुरू मी करीन. रोज सकाळी. ह्याला ऐकू येतंय तवर."