आईची पाच वाक्यं

गोष्ट २०२३च्या फेब्रुवारीतली. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीतल्या छोट्या हॉलमध्ये नऊ माणसं बसली होती. त्यांतली चार बर्फातून जरा ऊब घ्यायला आत शिरलेली.

स्टेजवर इदवल प्रॉसर, वय एक्याऐंशी. मूळचे वेल्सचे. शिकागोच्या रंगभूमीवर पन्नास वर्षं त्यांनी इंग्रज बटलर रंगवले, इंग्रजीत नाटकं लिहिली. स्वतःच्या वेल्श भाषेत एकच लिहिलं; एकपात्री, आईवरचं. ते एकदा तरी लोकांसमोर व्हावं, एवढीच इच्छा उरली होती.

विंगेत उत्तराबाई, त्यांच्या शेजारच्या घरात मुलाकडे राहणाऱ्या. नागपूरला असताना नाट्यस्पर्धेत वीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलेल्या. वेल्शचं एक अक्षर येत नव्हतं. प्रॉसरनी सावकाश बोलायचं आणि बाईंनी ते देवनागरीत उतरवायचं, असा दोघांचा सगळा हिवाळा गेला. अर्थ सांगू का, असं त्यांनी एकदा विचारलं. नको, बाई म्हणाल्या. आमच्या हिरोंनाही तो कधी कळला नाही.

पंधरा मिनिटं नीट गेली. मग प्रॉसर थांबले. बाईंनी हळूच वाक्य दिलं. त्यांनी ते उचललं नाही. बाईंनी जरा मोठ्याने दिलं. ते डोळे मिटून उभे. तिसऱ्यांदा दिल्यावर कुठे गाडी पुढे सरकली. असं पाचदा झालं, आणि पाचही वेळा आईच्या तोंडच्या वाक्यापाशी.

नाटक संपलं. चौघांनी टाळ्या वाजवल्या. विंगेत बाई चिडल्याच होत्या.

"इतकं घोटून घेतलं, तरी नेमकी तीच वाक्यं कशी विसरलात?"

प्रॉसर कोटाची बटणं लावत होते.

"विसरलो नव्हतो. तसं मला कुणी म्हटलं त्याला साठ वर्षं झाली."

त्याच वर्षी जूनमध्ये प्रॉसर गेले. नाटकाची प्रत मुलीने ओरेगॉनला नेली; तिला वेल्श वाचता येत नाही. हॉलमध्ये आता योगाचा क्लास असतो. उत्तराबाई मुलाकडेच आहेत. हल्ली त्या मराठीत बोलता बोलता मध्येच थांबतात आणि समोरच्याकडे बघत राहतात. "व्हॉट, आजी?" म्हणून नात निधी पुन्हा फोनमध्ये डोकं घालते. सून नैनाला मात्र काळजी वाटते. तिने मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली आहे, येत्या मंगळवारची.