दाराबाहेरच्या चपला

पूजा आटोपली, तीर्थप्रसाद झाला आणि झरीच्या शाळेतले शैलेश सर निघायला म्हणून दाराबाहेर गेले, तर त्यांचे सँडल नव्हते. सँडलच काय, उंबऱ्याबाहेर एकही चप्पल नव्हती. घरात तीसेक माणसं आणि बाहेर नुसती फरशी.

देवळाबाहेरून चप्पल जाते हे डहाणूत सगळ्यांनाच ठाऊक. पण दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसमोरून, भर दुपारी, सगळ्यांच्याच? शेजारच्या जयवंतीबाईंना तर चोराची कीव आली. त्यांच्या चपलेचा अंगठा चारच दिवसांपूर्वी तुटला होता.

मेल्याहून मेल्यासारखं झालं ते दशरथरावांना. रेल्वेच्या बुकिंग खिडकीवर उभा जन्म काढलेला माणूस. निम्मं गाव ओळखीचं. निरोपाची पूजा म्हणून सगळ्यांना त्यांनीच बोलावलं होतं. येत्या बुधवारी ते आणि वसुमतीबाई मुलाबरोबर कायमचे कॅनडाला चालले होते. न्यायला समर्थ आला होता, सोबत सहा वर्षांची प्राजक्ता. सुनेला रजा मिळाली नव्हती. राहत्या फ्लॅटचा सौदा ठरला होता आणि उद्या सकाळी सही करायची होती. समर्थच्या तिकडच्या घराचं कौतुक दशरथरावांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यातल्या खोल्या शैलेश सरांनाही पाठ झाल्या होत्या.

वसुमतीबाई पाहुण्यांसाठी घरातल्या जुन्या चपला शोधायला आतल्या खोलीत गेल्या. पडदे ओढलेले होते, दिवा बंद. पलंगाखाली चपलाच चपला, भिंतीपर्यंत, नीट जोडीने लावलेल्या. आणि पलंगाच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन प्राजक्ता बसली होती.

नातीचा खोडकरपणा म्हणून बाईंना हसूच फुटलं. त्यांनी हाक मारून नवऱ्याला बोलावलं. पाठोपाठ समर्थही आला. चपला बघितल्या आणि त्याचा चेहरा असा उतरला, की बाईंचं हसू तिथेच थांबलं.

"प्राजू, कशाला गं आणल्यास आत?" त्यांनी विचारलं.

"सारखी बेल वाजत होती ना," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "बाहेर किती चपला होत्या, आजी. कुणी मोजल्या असत्या तर?"

"मोजून काय करणार?"

"आपण किती जण राहतो ते कळलं असतं. मग घरातून काढतात. माझ्या वर्गातल्या फ्रेनीच्या घरच्यांना काढलं." आजीला हे साधं कसं कळत नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग तिने आजीला धीर दिला. तिकडे आलीस की मी शिकवीन. वर पाय वाजले की बोलायचं नाही, नळ सोडायचा नाही. आजोबांना शिंक आली तर उशीत तोंड घालून शिंकायचं.

दशरथराव मुलाकडे वळले. त्यांनी एवढंच विचारलं, "किती जण राहता रे?"

समर्थने दार लोटून घेतलं. तळघर आहे, म्हणाला. करार आम्हा तिघांपुरताच. पण एकट्याला भाडं झेपत नाही, म्हणून अजून दोन कुटुंबं आहेत. घरमालकाचा एजंट मधेच केव्हाही तपासायला येतो.

"किती जण?"

"अकरा."

"एवढ्याशा तळघरात अकरा?"

"तुम्हा दोघांना धरून," समर्थ म्हणाला.

वसुमतीबाई पलंगावर बसल्या. फोनवर दिसायची ती मागची बाग कुणाची, असं त्यांनी विचारलं. वरच्या भाडेकरूंची, ते कामावर गेले की तिथे उभं राहून फोन लावायचो, असं उत्तर आलं.

"अरे, मग आम्हाला सांगायचं नाही का? घर विकायला निघालो आम्ही!"

"चारदा सांगायला घेतलं, आई. पण बाबांच्या शेजारी दर वेळी कुणीतरी बसलेलं असायचं. कधी शैलेश सर, कधी इथल्याच कैनाड गावचे काका. ते बाग दाखव म्हणायचे, मग मी बाग दाखवायचो. आणि आता परत येऊन तरी लोकांना काय सांगू?"

हे शेवटचं त्याने रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. दशरथरावांना कुणीतरी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं वाटलं, आणि मारणाऱ्याचं काही चुकलं होतं असंही त्यांना म्हणता येईना.

समर्थने हातात मावतील तेवढ्या चपला उचलून बाहेर नेल्या, पुन्हा आला, पुन्हा नेल्या. बाहेर हशा उसळला. चोर घरातलाच निघाला म्हणून पाहुणे खूश झाले. दशरथराव येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. शैलेश सर सँडलचा पट्टा लावता लावता म्हणाले, "नात भारी आहे हो तुमची. तिकडच्या एवढ्या मोठ्या घरात तर ही काय काय लपवत असेल!"

सगळे हसले. दशरथरावांनी एकदा सगळ्यांकडे पाहून घेतलं. चांगली खणखणीत आवाजाची माणसं होती ती, आणि त्यांना गप्प बसवायची कधी वेळ आली नव्हती.

"सर, तिकडे मोठं घर नाही," ते म्हणाले. "आम्ही जात नाही. उद्या सहीही करत नाही. माझा मुलगा तिकडे तळघरात राहतो. तीन कुटुंबं मिळून..."

एवढ्यात आतून प्राजक्ता धावत आली. खुर्चीवर चढली आणि तिने दोन्ही तळहात आजोबांच्या तोंडावर घट्ट दाबून धरले.

"हळू, आजोबा," ती त्यांच्या कानात म्हणाली. "हे सांगायचं नसतं."