दारावरचा डहाळा

खुशालराव पुन्हा दारातल्या कापसाच्या ढिगाला पाठ टेकून चिलीम ओढत बसला होता.

पुंजाराम अंगणातच थबकला. घराला लागून असलेल्या दोन खोल्या त्यानं या कापूस-दलालाला भाड्यानं दिल्या, तेव्हा सोबत बायको, लहान मुलगी आणि एक पेटी एवढंच होतं. आता एक खोली आढ्यापर्यंत कापसानं ठासली होती. वर छप्पर गवताचं, आणि त्याच छपराखाली भिंतीपलीकडं पुंजारामचा नातू शालिक निजायचा. पोराची आई बाळंतपणातच गेली, बाप गेल्या साली तापानं गेला. म्हाताऱ्याचा जीव त्या पोरात अडकला होता.

"खुशालराव, इस्तो जपा, कापूस पेटन. घरात लेकरू हाय."

"लेकरू माह्यबी हाय," खुशालराव मान वर न करता म्हणाला.

"खोली खाली करा म्हन्लं होतं तुमाले."

"कुठी जाऊ? अमरावतीत गोठाबी मोकळा नाई. अन् आत्ता तं जमतच नाई."

"काहून?"

खुशालराव उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. पुंजारामला त्याचीच भीती वाटू लागली.

खुशालराव खोटं मात्र बोलत नव्हता. साता समुद्रापार कुठंशी लढाई जुंपली होती आणि तिच्या पायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. दलालांनी गाव भरून गेलं होतं. सोन्याचे दिवस कापसाला, घोर मात्र घरमालकाला! परवाच बाजाराकडं कापसाची एक वखार पेटली. पुंजाराम बघायला गेला, परत आला आणि जेवलाच नाही. डोळा लागला की छपरावर जाळ दिसायचा.

त्यानं चार भली माणसं मध्ये घातली. खुशालरावानं त्यांना दारातच उभं केलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढा माज! त्याची बायको मनकर्णा तर अलीकडं तोंडही दाखवत नव्हती.

सरळ बोटानं तूप निघत नाही, हे पुंजारामला कळून चुकलं. सकाळी त्यानं कडुलिंबाचा डहाळा तोडला आणि स्वतःच्याच दारावर बांधला. घरात देवी आल्याची, अंगभर फोड उठवणाऱ्या त्या साथीच्या रोगाची, ती खूण. असा डहाळा दिसला की पाहुणा उंबऱ्यावरून परत फिरतो.

"अजी, असं खोटं करू नोका," त्याची बायको पार्वताबाई कळवळून म्हणाली. "देवीची थट्टा बरी नाई."

"थट्टा नाई वं. भेवानं जीव जाऊन राह्यला माहा. त्यालेबी पोरगी हाय. डहाळा पाह्यला का तिले घेऊन पयून जाईन तो."

पार्वताबाईनं अंगणात येऊन मोठ्यानं गळा काढला, "शालिकले देवी निंघाल्या वं माय!" शेजारची खिडकी किलकिली झाली आणि लगेच मिटली.

दोघांनी शालिकला गोधडीत निजवलं आणि देवीला गार पाणी घालायला देवळाची वाट धरली. आपण समोर नसलो की बिऱ्हाड हलवताना खुशालरावाला संकोच वाटणार नाही, असा पुंजारामचा हिशेब. पोराची काळजी नव्हती. डहाळ्याच्या घरात परकं कोण शिरतंय?

देवळात पार्वताबाईनं नाक घासून माफी मागितली. पुंजारामनं फक्त हात जोडले आणि वेळ काढत बसला.

परत आले तेव्हा खुशालरावाचं दार सताड उघडं होतं. पुंजाराम धावतच आत डोकावला. चूल थंड, अंथरूण उचललेलं, माणूस कोणी नाही. कापूस होता, पण तो काय, मागून गाडीनं नेईल.

"गेला वं!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी त्यानं पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात पुंजारामच्याच घरातून खुशालराव बाहेर आला. त्यानं येऊन म्हाताऱ्याचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"माफी करा, पुंजारामजी. आमच्या पोरीले कवाच्याच देवी निंघाल्या. तुमी बाहीर काढान म्हणून डहाळा बांधला नाई, दार लावून बसलो. कापसाच्या घरात तिचे हाल होऊन राह्यले होते. आता तुमच्या घरीबी मायची पावलं लागली, मंग लपवू कायले?" त्यानं डोळे पुसले. "शालिक एकलाच रडून राह्यला होता. मनकर्णानं त्याले अन् आमच्या पोरीले एकाच गोधडीत निजवलं."