झाकणाची बादली

जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या प्राध्यापक सरदेशमुखांनी कोथिंबिरीची जुडीही कधी घासाघीस करून घेतली नव्हती. "आज बोहारणीशी तुम्ही बोला," पत्नीने बजावले होते. "फसलात, तर यापुढे घरात बाजारावर व्याख्यान नाही!"

कसर लागलेला कोट पाहून बोहारणीने स्टीलची वाटी पुढे केली. प्राध्यापकांनी शांतपणे गल्लीतल्या दुसऱ्या बोहारणीला हाक मारली. तिने पातेले काढले. पहिली कडाडली, "भवाने, गिऱ्हाईक माझं हाय!" आणि तिने डबा काढला. मग परात, मग कळशी. ग्रंथांतून निर्जीव रेघांसारखी भेटलेली स्पर्धा आज जिन्यात पदर खोचून भांडत होती! प्राध्यापकांना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. अखेर पहिलीने झाकणाची बादली ठेवली आणि दुसरीने माघार घेतली.

कोट बोचक्यात बांधून पायऱ्या उतरताना मात्र ती खुदकन हसली. ती खूश, म्हणजे आपण बुडालो! प्राध्यापक अनवाणीच तिच्यामागे धावले.

"थांब! कोट परत दे."

"का वो काका, बादली गळती का?"

"नाही."

"कोट घालनार व्हता?"

"छे!"

"मंग मी हसले, तर तुमचं काय कमी झालं?"

एकाच सौद्यात दोघांचाही फायदा कसा होतो, हाच प्रश्न ते दरवर्षी परीक्षेत घालीत आणि गोंधळणाऱ्यांना निर्दयपणे नापास करीत. भर रस्त्यात प्राध्यापकांना इतके हसू लोटले, की बोहारणीने घाबरून बोचके उराशी कवटाळले.