मामीचा घास

वेदिकाला ग्लुटेन सोसत नाही, गहू कायमचा बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आईबरोबर नाशिकहून कळवणला मामाकडे आली. सगळ्यांच्या ताटात गव्हाचे मांडे आणि पोरीपुढे नुसता वरणभात, हे कुसुममामीला बघवेना. तिनं वेदिकाला गुपचूप स्वयंपाकघरात नेलं. "खा गं. एवढ्यानं काय नाय होत. आईला नको सांगू." वेदिकानं बोटं चाटत मांडा संपवला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. शेवटी सलाईन लावावं लागलं. दिवाळीत ती पुन्हा आली, तेव्हा मामीनं तिच्यासाठी वेगळा तवा आणला होता. नागलीची गरम भाकरी तुपात कुस्करून तिनं घास पुढे केला. "घे बाई, यात गव्हाचा कणसुद्धा नाय." वेदिका मागे सरकली. "आई, मामी खरं सांगतेय का?" आईनं मान डोलावल्यावर तिनं घास घेतला, पण आईच्या हातून.